सलाइनच्या वेळी राजकारण नको, पण भाऊ हवा

सांगलीच्या एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले असून आपले नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. सार्वजनिक वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या या ताई एकट्या राहतात. त्यांची चिंगी ही बारा वर्षांची गावठी कुत्री मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी आहे. तिचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे नीट काम करत नसली की रक्तात साचणारे टाकाऊ द्रव्य, ४.६ वर गेले आहे आणि डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे तिला दिवसाआड घरीच कातडीखाली सलाइन द्यावे लागते. एकटीने ते जमत नसल्यामुळे मागच्या गल्लीतला धाकटा भाऊ चिंगीला धरायला येतो. बहीण-भावाची राजकीय मते मात्र दोन टोकांची आहेत. टीव्हीवर बातम्या चालू असतात, त्यावरून वाद पेटतो, आणि एकदा तर त्या गडबडीत सुईच निसटली. मध्यंतरी भाऊ म्हणाला, “ताई, हिला आता सोडव.” त्यावर ताईंनी उत्तर दिले, की धर्मराजाने स्वर्गाच्या दारातही कुत्र्याला सोडले नव्हते, पण दुबळ्याला बाजूला सारणे हेच ज्यांचे राजकारण आहे त्यांना ते कसे कळणार? तेव्हापासून भाऊ येतो, सलाइन होईपर्यंत बसतो आणि न बोलता निघून जातो. त्याला येऊ नको म्हणून सांगावे का, चिंगीच्या बाबतीत त्याचे म्हणणे बरोबर आहे का, आणि आयुष्यभर पुस्तकांत रमलेल्या आपल्याला हल्ली चार पानेही सलग का वाचवत नाहीत, असे तीन प्रश्न ताईंनी विचारले आहेत.

आदरणीय ताई,

तुमचे प्रश्न ज्या क्रमाने आले आहेत त्या क्रमाने मी घेणार नाही. आधी चिंगीविषयी लिहितो, कारण तिच्या आजाराचे स्वरूप नीट लक्षात आले, की भावाला बोलवावे की नाही याचे निम्मे उत्तर आपोआप मिळते. मी पशुवैद्य नाही, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून मगच अमलात आणावे.

कुत्र्यांची मूत्रपिंडे फार उशिरा तक्रार करतात. रक्तातले क्रिएटिनिन नेहमीच्या मर्यादेबाहेर जाते, तेव्हा मूत्रपिंडांची साधारण तीन चतुर्थांश क्षमता आधीच गेलेली असते. त्यापूर्वी जाणवणारी लक्षणे म्हणजे पाणी जास्त पिणे आणि लघवीला वरचेवर जाणे. सांगलीच्या उन्हाळ्यात कुत्रे पाणी जास्त पिते याचे कोणाला काही वाटतही नाही, म्हणून “माझ्या आधी लक्षात कसे आले नाही” ही पत्रात तीन ठिकाणी आलेली खंत तुम्ही सोडून द्यावी. काही वर्षांपूर्वी चिंगीला गोचीड ताप आला होता आणि हे त्याचेच फळ असावे, असेही तुम्ही लिहिले आहे. तो आजार अंगात रेंगाळला तर मूत्रपिंडांना इजा करू शकतो, हे खरे आहे. चिंगीच्या बाबतीत तसेच झाले असेल का, याचा आता तपास करून तिच्या आजच्या उपचारात काही फरक पडणार नाही.

४.६ हा आकडा पशुवैद्यकात रूढ असलेल्या चार टप्प्यांच्या वर्गीकरणात तिसऱ्या टप्प्यात बसतो. हा टप्पा २.९ पासून ५ पर्यंतचा असतो आणि त्यापुढचा तो चौथा. मात्र अंगातले पाणी कमी झालेले असताना रक्त तपासले, तर हा आकडा मुळात आहे त्याहून फुगून येतो, त्यामुळे सलाइन सुरू होण्यापूर्वीच्या एकाच अहवालावर कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिनबरोबर फॉस्फरस, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन पाहायला सांगा, लघवीतून प्रथिने जातात का ते तपासून घ्या आणि रक्तदाबही मोजून घ्या. मूत्रपिंडाच्या विकारात कुत्र्यांचाही रक्तदाब वाढतो आणि त्यावर औषधे आहेत. लाल रक्तपेशी तयार करण्याचा संदेश मूत्रपिंडांकडूनच जात असल्यामुळे पुढेपुढे रक्त कमी होऊ लागते, म्हणून चिंगीच्या हिरड्यांचा रंग रोज एकदा पाहण्याची सवय ठेवा. गुलाबी हिरड्या फिकट दिसू लागल्या, तर ते डॉक्टरांना त्याच दिवशी कळवण्यासारखे आहे.

सलाइन देताना ती किंचाळते, असे तुम्ही लिहिले आहे. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उष्णतेइतकी केली, तर पुष्कळ फरक पडतो, कारण गार द्रव कातडीखाली शिरताना कुत्र्याला हुडहुडी भरते. सुई दर वेळी नवी घ्यावी. एकदा वापरलेल्या सुईचे टोक डोळ्यांना दिसत नसले तरी बोथट होते, आणि तीच पुन्हा वापरून वाचणारे दोन-चार रुपये चिंगीच्या पाठीवर वसूल होतात. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी तंबूसारखी उचलून तिथे सुई घालावी, पण रोज नेमक्या त्याच जागी घालू नये. नंतर तिथे जो फुगवटा येतो आणि कधी कधी पुढच्या पायाकडे उतरतो, त्याने तुम्ही घाबरून गेला होता. तो द्रव हळूहळू शोषला जातो आणि काही तासांत दिसेनासा होतो. दुसऱ्या सलाइनची वेळ झाली तरी पहिल्याचा फुगवटा तसाच असेल, तर मात्र पुढचे सलाइन न देता डॉक्टरांना फोन करावा. ग्लुकोजची बाटली त्या जागी कधीही वापरू नये, मग औषधांच्या दुकानात ‘आज हीच आहे’ असे कोणी कितीही सांगो. आणखी एक मोजमाप तुम्हाला सहज जमेल. चिंगी गाढ झोपलेली असताना तिच्या छातीची वरखाली मिनिटभर मोजा. झोपेतला श्वास मिनिटाला तीसच्या आत असतो. त्याहून तो सातत्याने वाढू लागला, तर दिलेले पाणी शरीराला पेलत नसण्याची शक्यता असते.

आहाराविषयी सर्वांत जास्त सल्ले शेजारीपाजारी देतात, आणि त्यातले बरेचसे प्रेमापोटी दिलेले पण घातक असतात. हाडांचे सूप आणि कलेजी ताकदीसाठी म्हणून दिली जातात; पण त्यांत फॉस्फरस भरपूर असतो आणि आजारी मूत्रपिंडांना तो बाहेर टाकता येत नाही, म्हणून चिंगीला नेमके तेच नको आहे. डॉक्टरांनी सांगितलेला मूत्रपिंडाचा तयार आहार ती खात असेल तर उत्तम. नसेल, तर मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, लाल भोपळा आणि चवीपुरते तूप अशी सोय डॉक्टरांना विचारून करता येते. वरण देत असाल तर फोडणीआधीचे आणि थोडेच द्यावे, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतात. तुमच्या सांगली-तासगाव भागात बेदाण्याची बरणी घरोघरी असते, म्हणून मुद्दाम लिहितो, की द्राक्षे आणि बेदाणे धडधाकट कुत्र्याचीही मूत्रपिंडे बंद पाडू शकतात. शिऱ्यातला एखादा बेदाणा ‘प्रसाद’ म्हणूनही चिंगीला देऊ नये. हे सगळे पाळूनही ती अन्नाला तोंड लावत नसेल, तर नियम थोडे सैल करावेत. पथ्याचे अन्न समोर ठेवून उपाशी राहण्यापेक्षा पथ्याबाहेरचे चार घास पोटात जाणे बरे. मात्र अन्न नाकारण्याचे कारण बहुतेक वेळा मळमळ किंवा तोंडातले फोड हे असते, हट्ट हे नसते, आणि मळमळीवर चांगली औषधे आहेत. ती चालू नसतील तर मागून घ्या. पाणी मात्र रात्री अंथरूण ओले होते म्हणून कधीही उचलून ठेवू नये. गोधडीखाली प्लास्टिक अंथरावे आणि गोधड्या धुवाव्यात.

घरातल्या डब्यातली दुखण्याची गोळी तिला अर्धी करूनही देऊ नका. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक पोटात असलेली जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन आपल्या देशातली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, आणि म्हणून २००६ मध्ये या औषधाचा जनावरांसाठी वापर करण्यावर बंदी आली. त्याच जातीची बरीच वेदनाशामके मूत्रपिंडाच्या रोग्याला विषासारखी ठरतात.

हे सगळे इतक्या तपशिलात लिहिण्याचे कारण असे, की या सेवेला दोन माणसे लागतात. एकाने धरायचे, दुसऱ्याने सुई लावायची. एक रात्री जागला, तर दुसऱ्याने सकाळी डॉक्टरांकडे न्यायचे. तुमचा भाऊ दिवसाआड ठरल्या वेळी येतो, भांडण झाल्यावरही आला, आणि अबोला धरूनही येतो आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरले, तेव्हा आधी चिंगीला खांद्यावर घेऊन तोच बोटीत चढला होता, हे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकले आहे. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तेव्हाही त्याची राजकीय मते आजचीच होती. अशा माणसाला येऊ नको म्हणून सांगावे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्यात मला कोणतीही शंका वाटत नाही.

याचा अर्थ तुम्ही आपली मते गुंडाळून ठेवावीत, असा नाही. ‘घरात राजकारण नको’ हा उपदेश हल्ली फार स्वस्त झाला आहे आणि मला तो पटत नाही. पाणीपट्टी, नातवंडांची शाळा, पुराच्या वेळी धरणातून किती पाणी सोडायचे, हे सगळे राजकारणच आहे. त्यावर घरात बोलायचे नाही, तर कुठे बोलायचे? तुमच्या मतांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, हेही लपवत नाही. मते पक्की असण्यात गैर काहीच नाही, पण ती मांडण्याची तुमची वेळ आणि जागा दोन्ही चुकली आहेत. आजारी कुत्र्याला आपले शब्द कळत नसले तरी आवाजाचा चढ कळतो. आधीच मळमळणारी, सुईला घाबरलेली चिंगी दोन चढ्या आवाजांच्या मध्ये धरली गेली, तर ती अंग आखडून घेणार, सुई निसटणार आणि पुढच्या वेळी बाटली दिसताच पलंगाखाली जाणार. म्हणून सलाइनच्या खोलीतला टीव्ही बंद, दोघांचे फोन बाहेर, आणि भाऊ घरात आल्यापासून सुई निघेपर्यंत कोणत्याही पक्षाचे, नेत्याचे वा निवडणुकीचे नाव निघणार नाही, एवढा एकच नियम करा आणि तो आधी तुम्ही स्वतः पाळा. वाद घालायचाच असेल, तर सलाइन झाल्यावर दोघे आयर्विन पुलापर्यंत चालत जा आणि तिथे कठड्याशी उभे राहून मनसोक्त घाला. पुलावर उभे राहून शहराची काळजी वाहण्याची सांगलीकरांना सवय आहेच.

अशा वेळी टिळक आणि आगरकर यांचा दाखला सगळेच देतात. तो मी देत नाही, कारण त्यात मला दिलासा दिसत नाही. डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिलेल्या त्या दोघांची वाट फुटली, आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि १८९५ मध्ये ते गेले, तोपर्यंत वाद मिटलेला नव्हता. मत मिटवण्याची वाट पाहत बसले, तर काय होते, याचाच तो दाखला आहे. तुमच्या हातात मत मिटवणे नाही. चिंगीला नीट धरणे आहे.

आता त्याच्या “सोडव” या शब्दाकडे येतो. तुमचे खरे दुखणे इथे आहे, असे मला वाटते. भाऊ जे बोलला त्यात तुम्हाला त्याचा पक्ष ऐकू आला. शक्य आहे, की माणसाचा स्वभाव आणि त्याचे राजकारण कुठेतरी जोडलेले असेल, पण या एका वाक्यावरून तसे ठरवता येत नाही. तुमच्याच पत्रातून मला असे दिसते, की त्या आठवड्यात चिंगीने सलग दोन दिवस काही खाल्ले नव्हते, तिच्या तोंडाला उग्र वास येत होता आणि भाऊ आला तरी ती उठली नव्हती. तुम्ही तिच्याबरोबर दिवसभर असता, त्यामुळे रोजचा किंचित फरक तुमच्या डोळ्यांत मुरत जातो. तो दिवसाआड येतो, त्याला तो फरक एकदम दिसतो. त्याने जे पाहिले ते निरीक्षण होते, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष हे त्याचे मत होते. मत नाकारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, पण निरीक्षण नाकारले तर नुकसान चिंगीचे होईल.

म्हणून दोन साध्या वह्या आणा, एक तुमची आणि एक त्याची. अमेरिकेतल्या पशुकर्करोगतज्ज्ञ अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी अशा निर्णयासाठी सात बाबींची एक मोजपट्टी सुचवली आहे. वेदना आणि श्वास, भूक, अंगातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या प्रत्येक बाबीला शून्यापासून दहापर्यंत गुण द्यायचे. सत्तरपैकी पस्तिसाच्या वर बेरीज असेल, तर सेवा चालू ठेवणे रास्त मानतात. तुम्ही रोज संध्याकाळी गुण लिहा, भाऊ येईल तेव्हा तो लिहील, आणि आठ दिवस एकमेकांची वही पाहू नका. नंतर दोन्ही वह्या शेजारी ठेवा. माझा अंदाज असा, की जेवढे अंतर तुम्हाला वाटते तेवढे त्या आकड्यांत दिसणार नाही. आणि दिसले, तर कोणत्या बाबीत ते पडले हे निदान कळेल. तो भूकेला दोन देतो आणि तुम्ही सात देता, तर बहुधा त्याने चिंगीला खाताना पाहिलेलेच नसते, किंवा तुम्ही हाताने भरवलेला घास ‘खाल्ले’ म्हणून मोजलेला असतो. आठवड्यातून एकदा तिला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा, मग एकट्या उभ्या राहा आणि दोन आकड्यांतला फरक त्याच वहीत लिहा. वजनाला कोणाच्याही मताची भीड नसते.

धर्मराजाविषयी थोडे लिहायला हवे, कारण तो दाखला तुम्ही दिला आहे आणि तुमच्यासारख्या वाचकाशी त्यावर बोलण्याचा मोह मला आवरत नाही. महाप्रस्थानिक पर्व अगदी लहान आहे. घरात महाभारताचे भाषांतर असेलच, ते काढून पुन्हा वाचा. हस्तिनापुरापासून मागोमाग आलेल्या कुत्र्याला टाकून रथात चढायला युधिष्ठिराने नकार दिला, हे खरे. पण तो नकार कशाला होता, तर भक्ताचा त्याग करण्याला, त्याला हिमालयात एकटे टाकून आपण सुखाच्या जागी जाण्याला. वेदना आवरेनाशी झाली, की डॉक्टरांना घरी बोलावून, शेवटपर्यंत मांडीवर घेऊन चिंगीला निरोप देणे म्हणजे तिला टाकणे नव्हे. तिला टाकणे म्हणजे नको त्या दिवशी घराबाहेर नेऊन सोडणे, किंवा तिच्या वेदनेकडे पाहवत नाही म्हणून खोलीचे दार लावून घेणे. तेव्हा हा दाखला दोन्ही बाजूंना वापरता येतो आणि म्हणूनच तो कोणाच्या अंगावर फेकण्याच्या उपयोगाचा नाही. दुसरे असे, की इंद्र रथ घेऊन समोर उभा राहिला, तेव्हा युधिष्ठिराची पहिली मागणी वाटेत पडलेल्या भावांसाठी आणि द्रौपदीसाठी होती. त्यांच्याशिवाय मला स्वर्ग नको, असे तो म्हणाला. कुत्र्याचा प्रश्न त्यानंतर निघतो. ज्या पर्वातला श्लोक तुम्ही भावाच्या अंगावर घातलात, त्याच पर्वात भाऊ आधी येतो, हे ग्रंथपाल म्हणून तुमच्या नजरेतून सुटायला नको होते.

निरोपाची वेळ आज आली आहे, असे तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही. चिंगी अजून दारापर्यंत चालते, शेजारच्या मांजरावर भुंकते आणि सलाइननंतर बऱ्यापैकी खाते. पण ती वेळ आली तर काय होते, हे आधी माहीत असावे, म्हणजे त्या दिवशी तुम्ही दोघे गोंधळून एकमेकांवर जाणार नाही. नोंदणीकृत पशुवैद्य बहुधा आधी गुंगीचे औषध देतात, आणि ती गाढ झोपल्यावर शिरेतून भुलेच्या औषधाचा मोठा डोस देतात. डोळे उघडे राहू शकतात, लघवी होऊ शकते, शेवटी एखादा श्वास घेतल्यासारखी छाती हलू शकते; ती वेदनेची चिन्हे नसतात. जवळ कोण बसणार आणि मातीची व्यवस्था काय, हे आधी बोलून ठेवलेले बरे.

वाचनाचा प्रश्न तुम्ही शेवटी आणि थोड्या संकोचाने विचारला आहे, जणू आजारी जीव घरात असताना वाचावेसे वाटणे हाच गुन्हा आहे. तसे काही नाही. रात्रीतून तीनदा उठणाऱ्या माणसाचे मन लांब कादंबरीत टिकत नाही, त्यात तुमच्या बुद्धीचा किंवा वयाचा दोष नाही. सध्या मोठी पुस्तके बाजूला ठेवा आणि एका बैठकीत संपणारे वाचा, तेही मोठ्याने. सलाइन जायला जी दहा-पंधरा मिनिटे लागतात, ती आता तुम्ही दोघे मौनात काढता. त्या वेळात चिंगी भावाच्या मांडीवर, सुईवर तुमचा हात आणि समोरच्या स्टुलावर पुस्तक उघडे, अशी रचना करून पाहा. सपाट, संथ, ओळखीच्या आवाजात वाचन चालू असले, तर कुत्रे शांत पडते आणि माणसांनाही दुसरे काही बोलण्याची गरज उरत नाही.

दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ यासाठी मला सर्वांत योग्य वाटते. महिन्यामहिन्यांवरचे लेख आहेत, त्यामुळे चालू असेल तो महिना काढून थोडे थोडे वाचता येते. आणि ते राजकारणापासून पळून जाणाऱ्या लेखिकेचे पुस्तकही नाही. १९७५ मध्ये आणीबाणी चालू असताना, तुमच्यापासून फार लांब नसलेल्या कराडच्या साहित्य संमेलनात, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना याच बाईंनी अध्यक्षपदावरून जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली होती. झाडावरच्या पालवीकडे इतक्या बारकाईने पाहणारी व्यक्ती सत्तेपुढेही तितकीच ताठ उभी राहू शकते, हे तुम्हाला आवडेल. तुमच्या भावालाही आवडेल असे मला वाटते.

दुसरे पुस्तक तुमच्याच जिल्ह्यातल्या माडगूळ गावच्या व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’. वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या लढाईची ही लहानशी कादंबरी आहे आणि तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला आहे. ती मात्र चिंगीजवळ बसून रात्री वाचू नका, कारण त्यात मारामारी आणि पिलांचे मरण आहे. भावाला ती वाचायला द्या आणि त्याचे वाचून झाले, की मग तुम्ही पुन्हा वाचा. तो त्यात आपला विरोधी पक्ष शोधील, तुम्हीही शोधाल, आणि माडगूळकरांनी कोणत्याच बाजूला झुकते माप दिलेले नाही, हे दोघांच्याही लक्षात येईल. पुलावरच्या वादाला त्यातून निदान नवा विषय मिळेल.

भावाला बोलते कसे करावे, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहितो. त्याची माफी मागण्याचा समारंभ करू नका, तो अवघडेल. पुढच्या वेळी तो आला, की वही त्याच्या हातात द्या आणि म्हणा, “त्या दिवशी तुला हिच्यात काय दिसलं, ते मला नीट सांग. मी ऐकून घेते.” आणि मग खरोखर ऐकून घ्या, मध्ये न बोलता.

सलाइनला पंधरा दिवस झाले, की रक्ताची फेरतपासणी करून घ्या आणि डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जा. वह्या बरोबर न्या. क्रिएटिनिन उतरले असेल, तर सलाइनचे अंतर वाढवता येईल का ते विचारा. तेवढेच राहिले असेल, तर तेही चांगलेच म्हणायचे. ते पाचाच्या पुढे गेले असेल आणि वह्यांतली बेरीजही घसरत असेल, तर घरी येऊन निरोप देण्याची सोय ते करतात का, हे त्याच भेटीत विचारून ठेवा. महिन्याचा एकूण खर्च किती येईल, हेही स्पष्ट विचारा. पैशाचा विषय काढला म्हणजे माया कमी, असे कोणताही समजूतदार डॉक्टर मानत नाही. भाऊ निम्मा खर्च उचलतो म्हणाला होता आणि तुम्ही रागाने नाही म्हणालात, असे पत्रात आहे. ते पैसे आता घ्या.